जागा किती उरली? – संगणकाच्या हिशेबवहीचा इतिहास

संगणकाच्या पडद्यावर एका ठिकाणी टिचकी मारली की हार्ड डिस्कवर किती जागा भरली आणि किती शिल्लक आहे, हे क्षणात दिसते. हा आकडा इतका सहज मिळतो की तो येतो कोठून, असा प्रश्न सहसा पडत नाही. संगणक दर वेळी सगळी डिस्क चाचपून पाहतो का? तसे असते तर उत्तर यायला तासन्‌तास लागले असते. मग तो नेमके काय करतो? याचे उत्तर इतिहासात सापडते, आणि त्या इतिहासातले काही टप्पे मुंबईत, विशेषतः अंधेरीपासून पवईपर्यंतच्या उपनगरांत, आपल्या परिचयाच्या रस्त्यांवर भेटतात.

कागदावरचा हिशेब

भारतात बांधलेला पहिला मोठा अंकीय संगणक म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘टिफ्रॅक’. तो १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. तिच्यात २०४८ ‘शब्द’ मावत आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा असे. २०४८ × ४० म्हणजे ८१,९२० बिट. आठ बिटांचा एक बाइट धरला तर ही सारी स्मृती १०,२४० बाइट, म्हणजे १० किलोबाइट भरते. आज मोबाइलवर काढलेले ३ मेगाबाइटचे एक छायाचित्र तिच्या सुमारे तीनशे पट जागा घेते.

‘जागा किती उरली?’ असे त्या काळी यंत्राला विचारण्याची सोय नव्हती. आज्ञावली लिहिणाराच कागदावर घरांना क्रमांक देई, कोणत्या घरात काय ठेवले ते नोंदवी आणि शिल्लक मोजी. हिशेब माणसाकडे होता, यंत्राकडे नव्हता.

फितीच्या टोकाची चमकी

पवईची आयआयटी १९५८ मध्ये युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत साहाय्याने स्थापन झाली. त्यामुळे तिथले सुरुवातीचे मोठे संगणकही सोव्हिएत बनावटीचे होते. १९६० च्या दशकात ‘मिन्स्क-२’ आला आणि १९७० च्या दशकात ‘ईसी-१०३०’. त्या पिढीच्या यंत्रांवर माहिती साठवायची ती छिद्रांच्या कार्डांवर आणि चुंबकीय फितींवर.

फितीवर किती जागा उरली हे सांगणे अवघड का होते, ते एका उदाहरणाने पाहू. त्या काळची एक प्रमाण फीत २४०० फूट लांब, म्हणजे २८,८०० इंच. तिच्यावर एका इंचात ८०० अक्षरे मावत. गुणाकार केला तर २ कोटी ३० लाख ४० हजार अक्षरे होतात. परंतु फिरणारी फीत थांबायला व पुन्हा वेग घ्यायला अंतर लागते. म्हणून दोन नोंदींमध्ये सुमारे ०.६ इंच जागा कोरी सोडावी लागे. आता एका कार्डावरची ८० अक्षरे ही एक नोंद धरू. ती फितीचा ०.१ इंच व्यापते आणि तिच्यामागे ०.६ इंच कोरे राहतात. म्हणजे सातातले सहा भाग वाया! अशा रीतीने भरलेल्या फितीवर केवळ ३३ लाखांच्या आसपास अक्षरे बसतात. त्याच नोंदी दहा-दहाच्या गठ्ठ्यांनी लिहिल्या तर एक कोटी ४० लाखांवर जातात. ‘शिल्लक किती’ याचे उत्तर फितीच्या लांबीइतकेच लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून होते.

फितीला स्वतःला शिल्लक ठाऊक नसे. तिच्या शेवटाच्या सुमारे २५ फूट अलीकडे चकाकणाऱ्या धातूचा एक लहान तुकडा चिकटवलेला असे. त्यावरून परावर्तित झालेला प्रकाश यंत्राच्या प्रकाशघटावर पडला की ‘फीत संपत आली’ एवढेच कळे.

अशा टंचाईत एकेक रकाना मोलाचा होता. कार्डावर रकाने अवघे ८०. म्हणून १९६८ हे वर्ष नुसते ‘६८’ असे लिहिण्याची रीत पडली. दर तारखेमागे दोन रकाने वाचले. मात्र २००० साल जवळ आले तेव्हा ‘००’ म्हणजे १९०० की २००० हे यंत्रांना उमगणार नाही, असे दिसू लागले. जगभरच्या जुन्या आज्ञावल्या तपासून दुरुस्त कराव्या लागल्या. त्यातले बरेच काम भारतीय कंपन्यांकडे आले. १९७३ मध्ये स्थापन झालेले ‘सीप्झ’ (नाव सांताक्रूझचे, जागा अंधेरी पूर्वेची) तोवर सॉफ्टवेअर निर्यातीचे मोठे केंद्र झालेले होते. एका पिढीने वाचवलेल्या जागेची किंमत पुढच्या पिढीने अशी मोजली.

यंत्राची स्वतःची वही

डिस्क आल्यावर चित्र पालटले. फितीप्रमाणे टोकापासून टोकापर्यंत न जाता डिस्कच्या कोणत्याही भागापाशी थेट पोहोचता येते. साहजिकच फाइली पुसल्या की मधेमधे मोकळ्या जागा पडू लागल्या, आणि त्यांचा हिशेब यंत्रानेच ठेवणे भाग पडले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झालेल्या युनिक्स प्रणालीच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीतच ‘डीएफ’ ही आज्ञा होती. ‘डिस्क फ्री’ या शब्दांची ती आद्याक्षरे. ती दिली की मोकळ्या ठोकळ्यांची संख्या छापली जाई.

ही वही कशी असते ते ३६० किलोबाइटच्या जुन्या फ्लॉपीवरून चांगले समजते. तिच्यावर ५१२ बाइटांचे ७२० खंड असत. त्यातला १ खंड संगणक सुरू करण्यासाठी, ४ खंड हिशेबाच्या तक्त्यासाठी (तक्ता एकच, पण त्याच्या दोन प्रती) आणि ७ खंड फाइलींच्या नावांच्या यादीसाठी राखीव. उरले ७०८. दोन-दोन खंडांची एक खोली धरून ३५४ खोल्या झाल्या. तक्त्यात प्रत्येक खोलीसमोर एक संख्या असे. शून्य म्हणजे खोली मोकळी. दुसरी संख्या असेल तर त्या फाइलीचा पुढचा भाग कोणत्या खोलीत आहे, किंवा फाइल तिथेच संपली, हे कळे. डॉसमधील ‘चेकडिस्क’ ही आज्ञा तक्त्यातली शून्ये मोजून त्यांना १०२४ ने गुणी. म्हणूनच रिकाम्या फ्लॉपीवर ३,६२,४९६ बाइट असा वरवर विचित्र आकडा येई. ३५४ × १०२४ हा गुणाकार विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा.

यातून आणखी एक गोष्ट उलगडते. दहा अक्षरांची फाइलही एक पूर्ण खोली अडवते. फाइलींच्या आकारांची बेरीज आणि भरलेली जागा यांत फरक दिसतो तो मुख्यतः यामुळे.

जुहूहून पवईला पत्र

शिल्लक जागेचा प्रश्न एका यंत्रापुरता राहिला नाही. १९८५ मध्ये जुहू येथे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एनसीएसटी) स्थापन झाले. पुढे ‘अर्नेट’ प्रकल्पाखाली १९८६-८७ च्या सुमारास हे केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोन लाइनवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. अशा व्यवस्थेत फोन जोडला जाईपर्यंत पत्र पाठवणाऱ्याच्या डिस्कवर थांबून राहते आणि पोहोचल्यावर घेणाऱ्याच्या डिस्कवर. दोन्हीकडे जागा हवीच. इंटरनेटवर पत्र पोहोचवण्याचे नियम १९८२ मध्ये ठरले, त्यांतही ही अडचण ध्यानात घेतलेली आहे. जागा अपुरी असेल तर घेणारे यंत्र ‘४५२’ हा क्रमांक उच्चारते. त्याचा अर्थ ‘आत्ता जागा नाही, नंतर या’. क्रमांक ‘५५२’ असेल तर नेमून दिलेली जागाच ओलांडली गेली, असे समजायचे.

हजार की एक हजार चोवीस?

नवी ५०० गिगाबाइटची डिस्क संगणकाला जोडली की पडद्यावर ४६५ दिसतात. उरलेले ३५ गेले कुठे? चोरी कोणीच केलेली नाही. डिस्क बनवणारे किलो म्हणजे १००० धरतात. विंडोज प्रणाली १०२४ धरते. ५०० अब्ज बाइटांना १०२४ ने तीनदा भागले की ४६५.६६ येतात. हा घोळ मिटावा म्हणून १९९८ मध्ये १०२४ च्या पटींसाठी ‘किबी’, ‘मेबी’, ‘गिबी’ ही नावे ठरवण्यात आली, पण ती फारशी रुळली नाहीत. ‘१.४४ मेगाबाइट’च्या फ्लॉपीत तर दोन्ही पद्धतींची खिचडी होती : १.४४ × १००० × १०२४.

मराठी मजकुराचा हिशेब निराळाच. १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात ‘बोरिवली’ हा शब्द ७ बाइटांत बसत असे, कारण प्रत्येक वर्णाला किंवा मात्रेला एक बाइट पुरे. आज प्रचलित असलेल्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकी तीन लागतात, म्हणजे २१. इंग्रजीत लिहिलेल्या त्याच नावाला ८ पुरतात. अंधेरी, मुलुंड, घाटकोपर यांचे बाइट विद्यार्थ्यांना मोजू द्यावेत.

मोकळी म्हणजे कोरी नव्हे

शिल्लक जागेचा आकडा वहीतून येतो, हे शाळेने ध्यानात ठेवण्याचे एक व्यावहारिक कारण आहे. जुन्या पद्धतीत फाइल पुसली की नावाचे पहिले अक्षर बदलते आणि तक्त्यात शून्ये पडतात. खोलीतला मजकूर जागच्या जागी राहतो, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. म्हणूनच १९९१ च्या डॉसच्या पाचव्या आवृत्तीत ‘अनडिलीट’ ही आज्ञा देता आली. आजच्या हार्ड डिस्कवरही तत्त्व तेच आहे. चिपवर आधारलेल्या डिस्कवर मात्र पुसलेला मजकूर बहुधा लवकर नाहीसा केला जातो.

शाळेचा जुना संगणक भंगारात किंवा दुसऱ्या संस्थेला देताना सगळे पुसून ‘डिस्क पूर्ण मोकळी’ असा आकडा पाहून आपण निर्धास्त होतो. पण मुलांचे गुण, जन्मतारखा, पालकांचे पत्ते त्या मोकळ्या खोल्यांतून वाचता येण्याजोगे असू शकतात. तेव्हा डिस्क देण्यापूर्वी तिच्यावर सर्वत्र नवा मजकूर लिहिणारी आज्ञावली चालवावी, नाहीतर डिस्क काढून घ्यावी.