१७. बावला खून खटला

१२ जानेवारी १९२५ रोजी संध्याकाळी मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या तरुण, धनाढ्य व्यापाऱ्याचा त्याच्याच मोटारीत गोळ्या घालून खून झाला. सोबत मुमताज बेगम होती. इंदूरचे महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या आश्रयातून ती निसटून आली होती. गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी मध्ये पडल्याने ती वाचली.

हल्लेखोरांनी आधी तिलाच ओढून काढण्याचा प्रयत्न केला. त्यामुळे तिला पळवून इंदूरला नेणे हाच मूळ बेत होता आणि बावला आड आला म्हणून मारला गेला, हे मत सर्वाधिक ग्राह्य वाटते. पण त्याच झटापटीत तिच्या चेहऱ्यावर शस्त्राचे वारही झाले. जिला परत न्यायचे तिला विद्रूप का करायचे, या प्रश्नावरून काहींनी सूड हा हेतू मानला. आपल्या नवजात मुलीला इंदुरात मारण्यात आले, असा मुमताजचा आरोप होता. तिचे तोंड बंद करण्याची शंका त्यातून आली.

उच्च न्यायालयात नऊ जणांवर खटला चालला. आरोपींत इंदूरच्या सेवेतली माणसे होती. तिघांना फाशीची शिक्षा झाली. हुकूम कोणाचा, याची न्यायालयीन तपासणी मात्र झालीच नाही: चौकशी आयोग की गादीत्याग, असा पर्याय समोर येताच तुकोजीरावांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये पुत्र यशवंतरावांसाठी गादी सोडली. हा गादीत्याग संशय वाढवतो. पुरावा ठरत नाही.