ड्रॉप-डाउन मेनूची वाटचाल
खारघर रेल्वे स्थानकासमोरील सी-डॅक या सरकारी संगणन-संशोधन संस्थेच्या संकुलाला १९८५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचा वारसा आहे. भारतातील इंटरनेटच्या पायाभरणीत सहभागी असलेल्या आणि ‘डॉट इन’ या देशदर्शक नावांची नोंद काही काळ सांभाळणाऱ्या या केंद्राच्या कार्यकाळातच संकेतस्थळांचे आजचे रूप घडू लागले. त्या रूपाचा एक महत्त्वाचा घटक म्हणजे ड्रॉप-डाउन मेनू, अर्थात शीर्षकावर माउस नेताच किंवा त्याचे बटण दाबताच खाली उलगडणारी पर्यायांची वा दुव्यांची यादी.

अ‍ॅपलच्या लिसा संगणकावर १९८३ मध्येच असे मेनू होते. वेबपानांवर मात्र ते प्रारंभी प्रामुख्याने जावास्क्रिप्ट या आज्ञाभाषेच्या आधारे चालत. १९९८ च्या सीएसएस-२ या मांडणीविषयक प्रमाणकाने ‘हॉवर’ची, म्हणजे माउस घटकावर असतानाच्या स्थितीची, सोय कोणत्याही घटकाला दिली; परंतु इंटरनेट एक्सप्लोरर ६ हा ब्राउझर ती दुव्यांपुरतीच पाळत असल्याने २००३ मध्ये पॅट्रिक ग्रिफिथ्स व डॅन वेब यांनी ‘सकरफिश’ पद्धतीत यादीत यादी गुंफून तिला थोड्याशा जावास्क्रिप्टची जोड दिली.

स्पर्शपडद्यावर माउस नसल्याने मेनू आता बोटाने आणि कळफलकानेही उघडता यायला हवा. म्हणून नवशिक्याने प्रथम एचटीएमएल या वेबपानांच्या रचनाभाषेतील यादी सुसंगत रचावी व मगच तिला रूप द्यावे, हाच या इतिहासाचा बोध आहे.