फुलदाणी कोणत्या खात्यात?

जोसाया वेजवुड हा अठराव्या शतकातला इंग्लिश कुंभार. स्टॅफर्डशरमधल्या त्याच्या कारखान्यात दोन प्रकारचा माल तयार व्हायचा. एक म्हणजे जेवणाची भांडी: सायीच्या रंगाची, गुळगुळीत. राणी शार्लटने त्यातला चहाचा संच मागवला, तेव्हापासून ती ‘क्वीन्स वेअर’ नावाने विकली जाऊ लागली. दुसरा शोभेचा माल, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन घाटाच्या फुलदाण्या.

मिळकतीच्या या दोन वाटा वेगळ्या ठेवणं त्याला भागच होतं, कारण दोन्हींतले भागीदार वेगळे होते. जेवणाच्या भांड्यांत चुलतभाऊ टॉमस वेजवुड, तर शोभेच्या मालात लिव्हरपूलचा व्यापारी टॉमस बेंटली. बेंटलीबरोबरची भागीदारी १७६९ची. त्याच वर्षी एट्रुरिया हा नवा कारखाना सुरू झाला. विक्री कुठल्या खात्यात टाकली, यावर नफा कुणाच्या खिशात जाणार हे ठरायचं.

वर्षभरात प्रश्न उभा राहिलाच. उपयोगाचं कशाला म्हणायचं आणि शोभेचं कशाला? सप्टेंबर १७७०मध्ये वेजवुडने बेंटलीला पत्रातून एक साधी रेघ सुचवली: जेवताना जी वापरतो ती भांडी उपयोगाची. हात धुण्याची भांडी, रात्री खाटेखाली ठेवायची भांडी या व्याख्येत बसत नाहीत, हे त्याला दिसत होतं. पण त्या मालाला फारसं महत्त्व नाही, म्हणून त्याने तो प्रश्न सोडून दिला. अचूक व्याख्येपेक्षा दोघांना मान्य होईल अशी व्याख्या त्याला हवी होती. भागीदारी टिकली, ती १७८०मध्ये बेंटलीच्या मृत्यूपर्यंत.

१७७२मध्ये लंडनची एक बँक बुडाली आणि बाजारात पैशाची चणचण झाली. वेजवुडने एकेका वस्तूवर किती खर्च होतो ते मांडायला घेतलं. माल कमी करा की जास्त, साचे, भाडं, कारकुनांचे पगार हे खर्च जवळपास तेवढेच राहतात, हे त्याच्या लक्षात आलं. म्हणजे फुलदाण्या जास्त बनवल्या तर प्रत्येकीवरचा बोजा घटणार. श्रीमंतांच्या महालात त्या पुरेशा मिरवून झाल्या होत्या. आता किंमत उतरवून मध्यमवर्गाला विकता येणार होत्या. विक्रीच्या नुसत्या एकूण आकड्यातून हे कधीच दिसलं नसतं.

आज हे काम फोनवर होतं. टॅलीत त्याला ‘कॉस्ट सेंटर’ म्हणतात, क्विकबुक्समध्ये ‘क्लास’. समजा, कुणी घरून केक विकतं, रविवारी बेकिंगची वर्कशॉप घेतं आणि रेसिपीच्या व्हिडिओंतूनही थोडं कमावतं. सगळे पैसे एकाच यूपीआय खात्यात येतात. महिनाअखेरचा आकडा बरा दिसतो, पण वर्कशॉपमधला तोटा केकचा नफा भरून काढत असेल तर तो आकडा ते सांगत नाही. प्रत्येक नोंदीला लेबल लावलं, की सॉफ्टवेअर क्षणात वेगळा हिशेब दाखवतं.

पण वर्कशॉपमध्ये भाजलेला केक नंतर विकला, तर तो कशात धरायचा? ओव्हनचं वीजबिल कसं वाटायचं? ते सॉफ्टवेअर ठरवत नाही. ती रेघ पहिली नोंद करण्याआधी आपणच आखायची, आणि धंद्यात कुणी भागीदार असेल तर त्याला लिहून कळवायची.