मानखुर्दच्या पुढे

मुंबई बेटावर आणखी माणसं कोंबण्यापेक्षा खाडीपलीकडे नवं शहर उभारावं, ही कल्पना जून 1965च्या ‘मार्ग’ नियतकालिकात सविस्तर छापून आली. ती मांडणारे तिघे होते : वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता, आणि स्थापत्य अभियंता शिरीष पटेल. 17 मार्च 1970 रोजी हे शहर, म्हणजे नवी मुंबई, उभारण्यासाठी सिडको हे महामंडळ स्थापन झालं आणि कोरिया त्याचे मुख्य वास्तुरचनाकार झाले. आराखड्यात शहराचं एकच केंद्र नव्हतं. सार्वजनिक वाहतुकीच्या रेषेवर ओळीनं बसवलेले नोड, म्हणजे स्वतंत्र वस्त्या, होत्या. शाळा आणि बाजार चालत जाण्याच्या अंतरावर. दुसऱ्या नोडला जायला आधी बस, वस्ती वाढली की रेल्वे. स्वतःची मोटार नसलेला माणूस या कागदावर अपवाद नव्हता, गृहीत होता.

क्रम मात्र चुकला. वाशीजवळ ठाणे खाडीवरचा पूल 1973 मध्ये झाला, पण लोकल मानखुर्दलाच थांबत राहिली. कॉलेजं काही रेल्वेसाठी थांबली नाहीत. नेरुळची रामराव आदिक इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी 1983 मध्ये सुरू झाली, ऐरोलीचं दत्ता मेघे अभियांत्रिकी महाविद्यालय 1988 मध्ये, बेलापूरचं भारती विद्यापीठाचं अभियांत्रिकी महाविद्यालय 1990 मध्ये, तर नेरुळचं तेरणा 1991 मध्ये. यांतल्या एकाही कॉलेजच्या पहिल्या तुकडीला प्रवेशाच्या वर्षी लोकलनं दारात येता आलं नाही. मुंबईकर मुलांनी मानखुर्दपर्यंत हार्बर लोकलनं यायचं आणि तिथून पुढे पूल ओलांडायला बस शोधायची. सिडकोनं चालवलेली बीएमटीसी ही बससेवा ऐंशीच्या दशकात बंद पडली. मग भिस्त राहिली ती बेस्ट आणि एसटीवर. पनवेलहून दिव्याला 1964 पासून रेल्वे होती, पण तिची वाट वाशी-नेरुळकडून जातच नव्हती. साहजिकच कॉलेजचा दिवस शेवटच्या बसच्या वेळेला संपायचा. ज्यांना परवडे ते वसतिगृहात किंवा ‘कॉट बेसिस’वर, म्हणजे फक्त एका खाटेचं भाडं भरून, राहत.

9 मे 1992 रोजी मानखुर्द ते वाशी लोकल धावली. 1993 मध्ये ती आधी नेरुळला आणि मग बेलापूरला पोचली, 1998 मध्ये पनवेलला. खर्चाचा 67 टक्के वाटा सिडकोनं उचलला, रेल्वेनं 33 टक्के. म्हणूनच इथली स्थानकं मुंबईच्या स्थानकांसारखी नाहीत. वाशी आणि बेलापूरला फलाटांच्या डोक्यावर कार्यालयांच्या इमारती उभ्या राहिल्या. स्थानकाखालून रुंद भुयारी मार्ग आणि बाहेर ऐसपैस मोकळी जागा आली. नियोजकांच्या डोळ्यांसमोर तिथे नोकरदार होते. प्रत्यक्षात पायऱ्या, कठडे आणि वडापावच्या गाड्या कॉलेजच्या मुलांनी ताब्यात घेतल्या. भेटायचं ठिकाण ठरवताना अजूनही कोणी इमारतीचं नाव सांगत नाही. ‘वाशी स्टेशन, तिकीट खिडकीपाशी’ एवढं पुरतं.

या जगाची खरी किल्ली पास. कॉलेजच्या कार्यालयातून कन्सेशनचा फॉर्म घ्यायचा, त्यावर शिक्का मारून घ्यायचा आणि खिडकीवर निम्म्या दरात महिन्याचा पास काढायचा. पास घर ते कॉलेज एवढ्याच टप्प्याचा असतो, पण मधल्या कुठल्याही स्थानकावर उतरायची मुभा देतो. त्यामुळे पनवेलला राहून वाशीला शिकणाऱ्या मुलीला खारघर, बेलापूर, सीवूड्स, नेरुळ फुकटात मिळतात. वाशीच्या पुढचं मानखुर्द मात्र तिकिटाचं. कोणता मॉल आपला, कोणतं उद्यान आपलं, कोणाचा वाढदिवस कुठे करायचा, हे बऱ्याचदा त्या कागदावर छापलेल्या दोन स्थानकांवरून ठरत आलं आहे. पुढे सीवूड्स-दारावे स्थानकावरच ग्रँड सेंट्रल मॉल उभा राहिला आणि रस्त्यावर पाऊलही न ठेवता सिनेमा पाहून घरी परतणं शक्य झालं.

ठाण्याच्या मुलांचा हिशेब वेगळा होता. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून बसनं धक्के खात यायचं, नाहीतर मध्य रेल्वेनं कुर्ल्याला जाऊन, गाडी बदलून उलटं वाशीला यायचं. नोव्हेंबर 2004 मध्ये ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर मार्गावर प्रवासी गाड्या सुरू झाल्या. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे ही नावं कळवा-ठाण्याच्या घरांत प्रवेशअर्ज भरताना गंभीरपणे घेतली जाऊ लागली ती त्यानंतर. कॉलेजची निवड गुणांवर होते तशी गाडी बदलावी लागते की नाही यावरही होते.

अडचण उरते ती स्थानक ते कॉलेज या शेवटच्या तुकड्याची. सिडकोचे रस्ते रुंद आहेत आणि सायन-पनवेल महामार्ग नोडांच्या मधून जातो. नकाशावर जवळ दिसणारं कॉलेजचं फाटक गाठायला भर उन्हात लांब वळसा पडतो. त्यावरचा जुना इलाज म्हणजे शेअर रिक्षा. जानेवारी 1996 मध्ये महापालिकेची एनएमएमटी ही बससेवा सुरू झाली. नोव्हेंबर 2018 मध्ये पालिकेनं युलू कंपनीच्या सहकार्यानं भाड्याच्या सायकली रस्त्यावर आणल्या. मे 2011 मध्ये काम सुरू झालेली मेट्रो 17 नोव्हेंबर 2023 रोजी बेलापूर ते पेंधर धावली : 11 स्थानकं, त्यांत खारघरचा उत्सव चौक आणि सेंट्रल पार्क. खारघर तर कॉलेजांचंच गाव, पण इतकी वर्षं तिथल्या मुलांनी स्टेशनपासून आतल्या सेक्टरांपर्यंतचं अंतर रिक्षानं, बसनं नाहीतर पायीच कापलं होतं.

मौज संध्याकाळची. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात प्रयोग, सेक्टर 17 मध्ये खाणं, सागर विहारला खाडीकाठी बसणं, पावसाळ्यात खारघरच्या डोंगराकडे मोर्चा. 2008 मध्ये नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियम उभं राहिलं आणि त्याच वर्षी आयपीएलचा पहिला अंतिम सामना तिथे झाला. 2019 मध्ये यू-टू आणि 2025 मध्ये कोल्डप्ले हे बँड तिथेच वाजले. महागडं तिकीट काढणाऱ्यांचीही गर्दी परतताना नेरुळ स्थानकाकडे चालत निघते.

लोकल सर्वांत शेवटी पोचली उरणला. नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात पेटलेल्या आंदोलनात पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्याच भागातून जाणारा मार्ग 2018 मध्ये खारकोपरपर्यंत आणि 12 जानेवारी 2024 रोजी उरणपर्यंत सुरू झाला, म्हणजे आंदोलनाला चाळीस वर्षं होत असताना. तोवर उरणच्या मुलांना नेरुळ-वाशीचं कॉलेज म्हणजे जेएनपीटी बंदराच्या कंटेनर ट्रेलरांच्या रांगांतून एसटी किंवा एनएमएमटीनं काढलेली वाट. त्याच 12 जानेवारीला मुंबईला खाडीवरून जोडणाऱ्या अटल सेतूचंही उद्घाटन झालं. सेतूवर दुचाकी आणि रिक्षांना बंदी, मोटारीला एका फेरीचा टोल सुरुवातीला 250 रुपये होता. उरणच्या लोकलला सुरुवातीच्या वेळापत्रकात साधारण तासाला एकच फेरी मिळाली. ती चुकली तर पुढचं लेक्चर गेलंच.