चुन्याची लाईन आणि पालवणकर बाळू

आमच्या राजूरला जमिनीच्या पोटात काळा कोळसा आणि वर पांढरा चुना. वणी तालुक्यात राजूर म्हटलं की लोक दोनच गोष्टी सांगतात, कॉलरी आणि चुनाभट्टी. भाजलेल्या चुनखडीवर पाणी मारलं की ती फसफसते, तापते आणि तिची भुकटी होते. भट्टीवर राबणाऱ्याच्या हाताची कातडी निघते. तोच चुना पुढे मैदानावर जातो आणि क्रिकेटची लाईन होतो. लाईन मारणाऱ्याचं नाव स्कोअरच्या वहीत नसतं.

हे मला लहानपणीच कळलं होतं. तालुक्यातल्या एका गावी मॅच होती. गावाचं नाव सांगत नाही. आम्ही चार पोरं हौसेनं गेलो. आमच्याकडून लाईन मारून घेतली, मॅट अंथरून घेतली. मग म्हणाले, तुम्ही बाउंड्रीवर उभे राहा, बॉल अडवा. दिवसभर उन्हात बॉल अडवले. बॅटिंग आली नाही. पाण्याचा माठ झाडाखाली होता. आमच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं. घरी येऊन बापाला सांगितलं. बाप खाणीतून आला होता, डोळ्यांभोवती कोळसा. तो एवढंच बोलला, "मंग काहून गेलता बे?"

पुढे वाचायला लागलो तेव्हा पालवणकर बाळू भेटला. ही तर आपलीच गोष्ट आहे, आणि आपल्याला कोणी सांगितली नाही, असं वाटलं. म्हणून आज लिहितो आहे. हा इतिहास मोठ्या खेळाडूचा म्हणून सांगत नाही. मैदानावर मजुरी करणाऱ्या एका माणसाचा म्हणून सांगतो. त्यात आपल्या गळ्यात अडकणारा एक काटाही आहे. तोही काढायचा आहे.

बाळू बाबाजी पालवणकर. जात चांभार. मूळ गाव कोकणातलं पालवण, जन्म धारवाडचा, 1875-76 च्या सुमाराचा. घर पुण्याला आलं ते लष्कराच्या आसऱ्यानं. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. शाळा फार झाली नाही. पुण्यात एका पारशी क्रिकेट क्लबात बाळूला काम लागलं. खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रोलर फिरवायचा. पगार महिना 3 रुपये. 1892 साली तो गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला. एक रुपया वाढला, महिना 4 रुपये. काम तेच. रोलर फिरवा, लाईनी मारा, जाळ्या बांधा, टेनिसची कोर्टं आखा.

मित्रांनो, क्रिकेटचा इतिहास लिहिणारे इथं घाई करतात. 4 रुपयांवरून एका उडीत विकेटांवर जातात. आपण जरा थांबू. रोलर ओढणारा माणूस त्या मातीला जेवढा ओळखतो तेवढा तिच्यावर खेळणारा ओळखत नाही. ती कुठं भुसभुशीत आहे, कुठं ओल धरते, हे त्याच्या खांद्याला ठाऊक असतं. बाळू डाव्या हातानं संथ बॉल टाकायचा आणि बॉल वळवायचा. लोकांनी त्याला दैवी देणगी म्हटलं. मी म्हणतो, अर्धी विद्या त्या रोलरनं दिली.

क्लबातल्या एका गोऱ्यानं त्याला नेटमध्ये बॉल टाकायला लावलं. मग कॅप्टन ग्रेग आला. तो मोठा बॅट्समन होता. इतरांच्या आधी तासभर यायचा आणि बाळूकडून सराव करून घ्यायचा. बाळूनं आऊट केलं की ग्रेग दर वेळी आठ आणे द्यायचा असं सांगतात. खरं असेल तर हिशोब करा. आठ वेळा दांडी उडवली की महिन्याचा पगार सुटला. पण बाळूच्या हाती बॅट कोणी दिली नाही. बॉल टाकणं हे काम, बॅट करणं हा मान. काम आपलं, मान त्यांचा. बाउंड्रीवर उभं राहणारं आमचं पोर हे एका वाक्यात समजतं.

पुण्यात तेव्हा हिंदूंचाही क्लब होता. त्यांना गोऱ्यांना हरवायचं होतं. गोऱ्यांना रोज आऊट करणारा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर होता, पण तो चांभार. खल झाला. ब्राह्मण खेळाडूंनी नाकं मुरडली. शेवटी जिंकायची हाव विटाळापेक्षा मोठी ठरली आणि बाळूला घेतलं. आता पुढचं नीट वाचा. मैदानात तो बॉल टाकायचा, तो बॉल सगळे झेलायचे, हातात घेऊन पुसायचे, त्याला परत द्यायचे. बॉल चामड्याचा. म्हणजे मेलेल्या जनावराची कातडी चालते, चांभाराच्या घामानं ओला झालेला बॉल चालतो. चहाची वेळ झाली की सगळे पॅव्हेलियनमध्ये आणि बाळू बाहेर. त्याचा चहा मातीच्या भांड्यात, पिऊन फेकून द्यायच्या. तोंड धुवायचं तर मैदानाच्या कोपऱ्यात, आणि पाणी घालायला अस्पृश्य गडी. जेवणाचं ताट वेगळं, टेबल वेगळं.

साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याशी मॅच झाली. बाळूनं 7 विकेट घेतल्या. मग वाहवा सुरू झाली. न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीर सत्कार केला आणि खेळाडूंना बजावलं की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायलाही पाहिजे. रानडे बोलले हे चांगलं झालं. पण मला एक विचारायचं आहे. त्या 7 विकेट पडल्या नसत्या तर? 2 पडल्या असत्या तर चहाचं भांडं मातीचंच राहिलं असतं ना? सवर्ण पोरानं शून्यावर आऊट व्हावं तरी त्याचा कप चिनीमातीचा. आपल्याला मात्र कपासाठी सातजण बाद करावे लागतात.

पुण्यात प्लेग आला तसा बाळू मुंबईला गेला. तिथं त्याची वणवण पाहा. आधी लष्कराच्या पलटणीत, मग परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात, तिथंही आधी नाकं मुरडली गेली. मग रेल्वेत नोकरी आणि रेल्वेच्या टीमकडून खेळ. पुढे बंगालच्या नाटोरच्या महाराजांच्या टीमकडूनही हे भाऊ खेळले. पारशी, गोरे, हिंदू, रेल्वे, महाराजा, ज्यानं बोलावलं त्याच्यासाठी बॉल टाकला. श्रीमंताचा पोर हौसेनं खेळतो, तो मैदान बदलत नाही. मजूर बदलतो. आमच्या कॉलरीत छत्तीसगढपासून कुठून कुठून माणसं आली ती अशीच आली.

फेब्रुवारी 1906. मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन. हिंदूंचे 242 आणि 160, गोऱ्यांचे 191 आणि 102. हिंदू 109 रनांनी जिंकले. बाळूनं दोन्ही डावांत मिळून 8 विकेट घेतल्या. शिवरामही त्या टीममध्ये होता. बंगालच्या फाळणीनं देश तापलेला होता, त्यामुळे या विजयाचा गाजावाजा झाला. बाळूचं वय तेव्हा तिशीला टेकलं होतं. अंगातली ऐन उमेदीची वर्षं 4 रुपयांच्या रोलरखाली गेली होती.

1911 साली हिंदुस्थानची टीम इंग्लंडला गेली. कप्तान पतियाळाचे महाराज. महाराज मोजक्या मॅच खेळले, बाकी वेळ दरबारी थाटात गेला. पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाचं ते वर्ष. राबला बाळू. खांदा दुखत होता तरी राबला. 23 मॅचपैकी टीमनं 6 जिंकल्या, 15 हरल्या. एवढ्या पडत्या टीममध्ये बाळूनं सगळ्या मॅच मिळून 114 विकेट काढल्या. सॉमरसेटशी टीम एका विकेटनं जिंकली, त्यात शिवरामनं शतक ठोकलं. परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजानं बाळूला मानपत्र दिलं. त्या मानपत्राशी कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांचं नाव जोडलं जातं.

बाळूच्या नावावर प्रथम श्रेणीच्या 33 मॅच आणि 179 विकेट आहेत, सरासरी 15.21. एवढं करून तो हिंदूंच्या टीमचा कप्तान झाला नाही. एकदा सुद्धा नाही. कप्तान पै स्वतः म्हणाले होते की हा मान बाळूचा होता. म्हणाले, पण मान त्यांच्याकडेच राहिला. स्कोअरबुकात सुद्धा बघा. पै, देवधर ही आडनावं. आणि हे पी. बाळू, पी. शिवराम, पी. विठ्ठल. गड्याला हाक मारावी तशी नावं.

भाऊ मात्र गप्प बसले नाहीत. चौघे भाऊ, बाळू, शिवराम, गणपत, विठ्ठल. गणपत लवकर गेला. 1920 साली पै आजारी पडले. बाळूला वगळलेलं होतं, आणि विठ्ठल ज्येष्ठ असताना देवधरांना कप्तान केलं. विठ्ठल आणि शिवराम यांनी टीम सोडली आणि का सोडली ते वर्तमानपत्रात जाहीर लिहिलं. पोटाचा धंदा क्रिकेट असताना टीम सोडणं म्हणजे काय ते संपावर गेलेल्याला विचारा. त्याचा परिणाम झाला. पुढच्या मॅचला बाळूला उपकप्तान करून परत घेतलं, भाऊ परतले. पै काही काळ मैदानाबाहेर गेले तेव्हा बाळूनं टीम चालवली. तेवढीच त्याची कप्तानी, उसनी. 1923 साली विठ्ठल खराखुरा कप्तान झाला, हिंदू जिंकले, आणि लोकांनी विठ्ठलला खांद्यावर घेऊन नाचवलं. चहाच्या मातीच्या भांड्यापासून त्या खांद्यापर्यंत तीस वर्षांच्या आसपास लागली.

आता काटा.

मागे 14 एप्रिलच्या कार्यक्रमात मी बाळूवर बोलायचं ठरवलं. आमच्या वार्डात एक म्हातारे आहेत, समता सैनिक दलात उमेद घालवलेले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. ते म्हणाले, "त्याचं नाव आपल्या मांडवात घेऊ नोको बापू. बाबासायबाच्या इरोधात उभा रायला होता थो."

आबांचं खरं आहे. 1932 साली बाळू राजा-मुंजे कराराच्या बाजूला, म्हणजे संयुक्त मतदारसंघाच्या बाजूला होता. पुणे करारावर त्याची सही आहे. येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली, तिलाही त्यानं विरोध केला. आणि 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसनं मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात बाळूलाच उभं केलं. बाबासाहेबांना 13,245 मतं, बाळूला 11,225. फक्त 2,020 मतांचा फरक.

हे झाकून बाळूचा गौरव करणारे पुष्कळ आहेत. गांधी-काँग्रेसचा गोड हरिजन म्हणून त्याला मिरवणारेही आहेत. मला ते करायचं नाही. काँग्रेसनं काय केलं ते उघड आहे. ज्याला हिंदूंनी पंधरा वर्षं कप्तान केलं नाही, त्याला एका दिवसात उमेदवार केलं. का? तर आपला माणूस आपल्याच माणसावर सोडायचा होता. कॅप्टन ग्रेगचे आठ आणे आणि हे तिकीट, यात मला फार फरक दिसत नाही. दोन्हीकडे बॉल टाकणारा बाळू आणि डाव दुसऱ्याचा. फक्त या वेळी समोर स्टंपापुढे बाबासाहेब होते, आणि ती दांडी उडाली नाही.

पण बाळूलाही मी दुधखुळा समजत नाही. तो स्वतःच्या अनुभवावरून चालला. त्याला वाटलं, खेळता खेळता चहाचा कप बदलला तसा हिंदू समाज बदलेल. एका टीममध्ये राहू, एका मतदारसंघात राहू. बाबासाहेबांनी ओळखलं की कप बदलतो तो सातजण बाद करणाऱ्यापुरता. बाकीच्यांना, लाईन मारणाऱ्यांना आणि बाउंड्रीवरच्यांना, हक्क लागतो. विकेट न काढताही मिळणारा हक्क. हा दोघांतला फरक आहे. त्यात चांभार-महार अशी भिंत घालून बसणं म्हणजे काँग्रेसचा डाव आपणच पुढे खेळणं.

बाळू 1955 च्या जुलैत मुंबईत वारला. पुढच्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली. ती पाहायला तो नव्हता. पाहून काय म्हणाला असता यावर मी बोलणार नाही.

आबांना मी हे सगळं सांगितलं. रोलर, 4 रुपये, मातीचं भांडं, 114 विकेट, आणि 11,225 मतंही. म्हातारा बराच वेळ तंबाखू मळत राहिला. डबीतला चुना बोटानं काढला तो आपल्याच भट्टीचा असेल. मग म्हणाला, "सांग मंग. पन दोन्ही सांगजो. अर्धं सांगशीन तं मी उठून जाईन."

मी दोन्ही सांगितलं. आबा शेवटपर्यंत बसले होते. मागं कॉलरीची पोरं उभी होती. एकानं विचारलं, "दादा, त्याले बॅटिंग कधी भेटली?"

भेटली रे. पुष्कळ उशिरा भेटली. तू मात्र लाईन मारून झाली की बॅट मागून घे. मागून नाही दिली तर विठ्ठल-शिवरामानं काय केलं ते तुला आता माहीत आहे.

जयभीम.