नोंदवहीतला कोरा रकाना

व्यवस्थापनशास्त्रात डॉक्टरेट करायची म्हणून माझ्याकडे येणारे बरेच जण चाळिशी ओलांडलेले असतात. पाठीशी पंधरा-वीस वर्षांची नोकरी, घरात दहावी-बारावीची मुलं आणि ओठांवर एकच प्रश्न : पीएच.डी. करू की डीबीए (डॉक्टर ऑफ बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन)? मी आधी विचारतो, 'तुम्हाला शोधायचंय काय?' हे पुस्तकही तिथूनच सुरू होतं.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एखादी फाउंड्री डोळ्यांसमोर आणा. सुपरवायझरच्या टेबलावर रिजेक्शनची नोंदवही उघडी आहे. तारीख, पाळी, पार्ट नंबर, बाद नग आणि शेवटचा रकाना 'कारण'. रात्रपाळीच्या पानांवर तो कोरा, नाहीतर 'वाळू ओली' एवढंच. माणसं कारण का लिहीत नाहीत आणि आपल्या कारखान्यात हे कसं बदलेल, या प्रश्नाने प्लँट मॅनेजरची झोप उडाली असेल, तर डीबीए त्याच्यासाठी आहे. तो आधीच्या संशोधनाचा आधार घेईल, बदल करून पाहील, मोजेल. पण तो स्वतःच साहेब. कामगार त्याला खरं सांगतील का? ही अडचण प्रबंधात लपवता येत नाही, तिच्यावर पद्धत शोधावी लागते. डीबीएला सोपी वाट समजतात, ते मला म्हणूनच पटत नाही.

पण हीच नोंदवही पीएच.डी.कडेही नेऊ शकते. नव्वदच्या दशकात हार्वर्डमध्ये पीएच.डी. करताना एमी एडमंडसन रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुका अभ्यासत होत्या. चांगल्या चमूंच्या चुका कमी भरतील अशी अपेक्षा होती, भरल्या जास्त. जिथे बोलायची भीती नव्हती तिथे चुका उघडपणे सांगितल्या जात होत्या, असा त्याचा उलगडा झाला. पुढे १९९९ च्या शोधनिबंधात त्यांनी एका उत्पादन कंपनीतले ५१ कार्यगट अभ्यासून 'मानसिक सुरक्षितता' ही कल्पना तपासली. ज्याने तुमची फाउंड्री कधी पाहिली नाही, त्या अभ्यासकालाही तुमचं म्हणणं उपयोगी पडावं, ही पीएच.डी.ची मागणी.

पदवीच्या नावावरून मात्र फार काही ठरवू नका. हार्वर्ड बिझनेस स्कूलची डीबीए कित्येक दशकं अस्सल संशोधनाचीच पदवी होती. आपल्या आयआयएमना २०१७ च्या कायद्यापूर्वी पदवी देण्याचा अधिकार नव्हता, म्हणून तिथले संशोधक 'फेलो' म्हणवले जात. कोर्सवर्क काय, मार्गदर्शक कोण, प्रबंध तपासतं कोण, हे पाहा. प्राध्यापकी करायची असेल तर आपल्याकडच्या अर्हतेत पीएच.डी.चं नाव आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार तिला किमान तीन वर्षं लागतात. नोकरी सांभाळून करायची तर कार्यालयाचं ना-हरकत पत्र हवं. त्याच वर्षी यूजीसी आणि एआयसीटीईने एडटेक कंपन्यांनी परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून चालवलेल्या ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नसल्याचं जाहीर केलं. फी भरण्याआधी हे वाचाच. आयुष्यभराची पुंजी अशा कागदावर गेलेली पाहणं फार जिवाला लागतं.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी तुमच्या कामाच्या जागची एखादी जुनी नोंदवही मागवून घ्या आणि तिच्यात कोणता रकाना कोरा राहतो ते पाहा. पहिल्या प्रकरणात तिची गरज पडेल.