कर्नल साइक्स आणि गांवचे थळझाडे

बेल्ह्यापासून जुन्नरपर्यंतच्या मुलुखांतील जुनीं कागदपत्रें ज्यांच्या संग्रहीं आहेत, त्यांनीं विल्यम हेन्री साइक्स (इ. स. १७९०-१८७२) या गृहस्थाची ओळख करून घेणें अगत्याचें आहे. हा मूळचा मुंबईच्या फौजेंतील अंमलदार. भरतपूरच्या १८०५ च्या वेढ्यांत तो होता. १८१७ सालीं खडकीस पेशव्यांच्या फौजेविरुद्ध लढला. पुढें १८२४ सालीं एल्फिन्स्टनसाहेबांनीं त्यास दख्खनच्या पाहणीवर नेमिलें, आणि पुणें, अहमदनगर, खानदेश व धारवाड या चार जिल्ह्यांत माणसें, पिकें, पाऊस, पक्षी, मासे यांची नोंद करीत तो हिंडला. १८२९ सालीं सरकारनें हा हुद्दा मोडला, तरी त्यानें काम १८३१ पर्यंत नेऊन पुरें केलें.

याच सुमारास मुलकी अधिकारी प्रिंगल याची मोजणी पुणें जिल्ह्यांत चालू होती. निव्वळ उत्पन्नावर बसविलेला त्याचा आकार रयतेस झेपला नाहीं व ती टाकून द्यावी लागली. साइक्सची दृष्टि निराळी. शेताची लांबीरुंदी विचारण्याआधीं तें कोणाचें हें तो पाहतो, आणि उत्तर गांवच्या थळझाड्यांत शोधतो. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत १८३५ सालीं छापलेला त्याचा दख्खनच्या जमीनधारणेवरील निबंध अशा कागदांच्या आधारें उभा आहे. थळ मूळ मिरासदाराच्या कुळाच्या नांवानें चाले. वंश बुडाला तरी नांव राही, व जमीन गतकूळ म्हणून लागे. सर्व भूमि सरकारची, मिरासदार काय नि उपरी काय सारखेच, असें म्हणणारांस याहून सडेतोड उत्तर नव्हतें.

जुन्नरच्या लेण्यांतील लेखांच्या नकलाही त्यानें १८३७ सालीं प्रसिद्ध केल्या. प्रिन्सेपनें ब्राह्मी लिपि उलगडली तेंच हें साल. न वाचतां येणारें अक्षर जसेंच्या तसें उतरून ठेवण्याचा हा गुण आमच्यांतील कित्येक संग्राहकांनीं घेण्याजोगा आहे.

कुलकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें गेलीं आणि घरोघरच्या रुमालांचें प्रयोजन संपलें. आतां विक्रीस येणारें थळझाड्याचें पान बहुधा सुटें असतें. थळ, बिघे, कुळें सर्व त्यावर असतात; ‘मौजे अमुक, प्रांत जुन्नर’ हा मथळा मात्र आरंभींच्या बंदावर राहून जातो. रुमाल एकदां फुटला कीं पान बेल्ह्याचें कीं आळ्याचें हें कोण सांगणार? यास्तव रुमाल हातीं येतांच, एकही बंद न हलवितां, प्रथम अनुक्रम व गांवाचें नांव निराळ्या चिठ्ठीवर टिपून ती आंत ठेवावी.